पडद्यावरचा अंधार

देवकाचं एक पाऊल विहिरीच्या काठावर होतं आणि दुसरं... दुसरं हवेत! इंदूबाईनं डोक्यावरचं मडकं फेकून दिलं, धावत जाऊन पोरीची वेणी धरली आणि होतं नव्हतं तेवढं बळ लावून तिला मागे ओढलं. दोघी मातीत कोसळल्या.

"काहून वो बाई? काहून?..."

"मले मरू दे, मावशी!" पंधरा वर्षांची देवका हुंदक्यांनी गदगदत होती. "माह्या पोटात पोर आहे!"

इंदूबाईच्या डोळ्यांपुढे विहीर, शेत, आभाळ सारं गरगर फिरलं. देवका तिच्या नवऱ्याच्या, बाबारावच्या, पहिल्या बायकोची लेक. ती आई गेल्यावर त्यानं इंदूबाईला या घरात आणलं, त्याला दहा वर्षं झाली. पुढच्या महिन्यात देवकाचं लग्न, मारेगावची सोयरीक पक्की झालेली... आणि हे काय ऐकते आहे मी!

"कोन होता तो?"

"दिसला नाही, मावशी... अंधार होता."

"कुठी?"

"सिनेमाच्या तंबूत."

अरे देवा! घाटंजीच्या बाजारात तंबूतला सिनेमा आला तेव्हा बाबाराव नको नको म्हणत होता, आणि इंदूबाईनंच "जाऊ द्या हो, पोरगी चाललीच आता सासरी" असं म्हणून देवकाला शेजारणींबरोबर पाठवलं होतं. आपल्याच हातानं आपण लेकरू वाघाच्या तोंडी दिलं!

"कोनाच्या पोटात पोर आहे?"

मागे बाबाराव उभा होता. लांबून 'पोटात पोर' एवढंच कानी पडून तो कापसाच्या वावरातून केव्हा आला, कुणालाच कळलं नव्हतं. त्याचा राग सारं गाव ओळखून होतं. देवका इंदूबाईला बिलगली आणि इंदूबाईच्या तोंडून, मनानं ठरवण्याच्या आधीच, शब्द निघून गेला...

"माह्या."

बोलून गेल्यावर तिला वाट दिसली. लग्न काही निमित्तानं पुढं ढकलायचं, पोरीला घेऊन मुकुटबनला माहेरी जायचं आणि परतताना लेकरू आपलंच म्हणून आणायचं. जन्मभर लोकांच्या नजरा सोसू, पण पोरीचं आयुष्य वाचेल!

बाबाराव मात्र मटकन खाली बसला. दहा वर्षं त्याची बहीण सत्यभामा इंदूबाईला येताजाता वांझोटी म्हणत आली होती आणि तो मान खाली घालून ऐकत आला होता. त्या धिप्पाड माणसानं शेल्यात तोंड खुपसलं आणि तो लहान पोरासारखा रडला! मग डोळे पुसत उठला. "बाजारातून चिचा आनतो तुह्यासाठी, कवठं आनतो," म्हणत तो निघालासुद्धा, आणि इंदूबाईच्या छातीत सुरी फिरावी तसं झालं.

घरी आल्यावर तिनं दाराला कडी घातली. देवकाचा चेहरा दोन्ही हातांत धरला.

"आता मले सारं सांग, बाई. काय केलं त्यानं?"

"रीळ तुटली, समदा अंधार झाला. लोकं उठले, मी खाली पडली. तवा कोन्या मानसानं माहं मनगट धरलं, अन् उठवलं."

"मंग?"

"मंग बत्ती लागली. तो दिसलाच नाही."

"अवं, पन मंग पुढं काय?"

"पुढं काय राह्यलं, मावशी? सिनेमात बी असंच झालं ना! त्यानं तिचं मनगट धरलं, दोन कमळं जवळ आली, दिवा इझला... अन् लगेच ती ओकून राह्यली होती! तिच्या मायनं कपाळ बडवलं, अन् तिनं विहिरीत उडी टाकली. मी तर या महिन्यात बाहेर बी बसली नाही. काल ओकली बी..."

इंदूबाईला आता सारं उलगडलं! चार दिवस ही पोर धास्तीनं अन्नाला शिवली नव्हती, ओकारी होणार नाही तर काय? आणि या वयात पाळी तर मागंपुढं व्हायचीच. दोन कमळं! मेल्यांनी दोन कमळं दाखवून दिवा विझवला, मग विहीर तेवढी लख्ख उजेडात दाखवली! तिला हसू फुटलं, त्या हसण्याचंच रडं झालं. आणि सिनेमावाल्यांना शिव्या घालता घालता तिची जीभ अडखळली. दोन वर्षांपूर्वी देवका पहिल्यांदा शहाणी झाली, तेव्हा आपण तरी काय सांगितलं? हातात चिंध्या दिल्या आणि म्हटलं, कोनाले सांगू नको. बस्, एवढंच!

"काही झालं नाही तुले, माहे बाई. मनगट धरल्यानं काही होत नसते!"

देवका तिच्या गळ्यात पडली.

बाबाराव परतला तो शेल्यात चिंचा बांधून. इंदूबाईनं त्याच्या पायाशी बसून सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. चिंचा जमिनीवर सांडल्या.

"म्हंजे... पोर नाहीच?" तो पुटपुटला. "मी सत्यभामाले सांगून आलो. तिनं साखर वाटली बाजारात."

"बाबा, तिले बोलू नका!" देवका मध्ये आली. "तिनं माह्यासाठी केलं. मी विहिरीत चालली होती!"

बाबारावनं लेकीकडे पाहिलं, मग बायकोकडे.

"तू पोरीले कदी काही सांगतलं नव्हतं?"

"मी सावत्र. मले वाटलं, माहा हक नाही."

"विहिरीतून ओढाचा हक होता, अन् बोलाचा नव्हता?"

तो उठला. "मी बाह्यर बसतो. आज समदं सांग तिले," म्हणाला आणि दार ओढून घेऊन ओट्यावर जाऊन बसला.

इंदूबाई अडखळत, लाजत, खाली बघत बोलू लागली. बाईचं शरीर, महिन्याचा हिशेब, पुरुष म्हणजे काय, मूल कसं राहतं... कमळं नाहीत, दिवा नाही, साध्या शब्दांत. देवका डोळे विस्फारून ऐकत होती. सगळं ऐकून झाल्यावर तिनं विचारलं,

"मंग मावशी, तुले काहून नाही झालं?"

दहा वर्षांत हा प्रश्न इंदूबाईला हजारदा ऐकावा लागला होता. उत्तर हवं म्हणून विचारणारं माणूस आज पहिल्यांदा भेटलं.

"मालूम नाही, बाई," ती म्हणाली. "लय वाट पाह्यली मी..."

आणि देवकाच्या खांद्यावर डोकं टेकून ती धाय मोकलून रडली. बाहेर ओट्यावर बाबारावच्या कानी सगळं पडत होतं. इतक्यात साखरेचा पुडा घेऊन सत्यभामा अंगणात शिरली, तसा तो उठून तिला आडवा आला.

"आत नको जाऊ, बाई," तो म्हणाला. "मायलेकी बोलून राह्यल्या."