शेवटचा थर

कोरा फोर्क लावून पायरीकड्यावर कुणी उतरत नसे. फोर्क आधी मुरवावा लागे. शब्द लोणच्याचा, आणि रीतही जवळजवळ तीच: बरणीत दुसऱ्याचा हात जायचा नाही. नवा फोर्क आणला की तो मालकाखेरीज कुणी चालवायचा नाही, धुवायचा नाही. गाडीच्या टपावर सायकल चढवतानासुद्धा मित्र आधी विचारायचे, "हात लावू ना?"

डोंगरातली सायकल ज्यांनी कधी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगायचं तर, हँडलखालून निघून पुढच्या चाकाला दोन्ही बाजूंनी धरणारे जे दोन जाड पाय असतात, तो फोर्क. हे पाय पोकळ, एकात एक सरकणाऱ्या नळ्यांचे. एका पायात कोंडलेली हवा असते, ती धक्का झेलते. दुसऱ्यात तेल असतं, ते त्या हवेला एकदम उसळू देत नाही. फ्रीराइड करणाऱ्याला, म्हणजे शर्यत वगैरे काही नाही, नुसतं कड्यावरून आपल्याला सुचेल त्या वाटेने उड्या टाकत खाली येणाऱ्याला, फोर्क निवडता आला की निम्मं काम झालं. किती खोल दबणारा घ्यायचा, हवा किती भरायची, दबल्यावर त्याने किती सावकाश वर यायचं. फार मऊ असेल तर उतरताना तळाला आपटतो आणि माणूस हँडलवरून पुढे जातो. फार कडक असेल तर मनगटं जातात.

पण हे हिशोब साध्या तेलाच्या काळातले. वळणद्रव आला आणि फोर्कला सवय लागू लागली.

वळणद्रवात लोखंडाचे अतिसूक्ष्म कण रेणूंच्या लांब साखळ्यांत ओवलेले असतात. धक्का बसला की साखळ्या एका बाजूला झुकतात. पुन्हा तसाच धक्का बसला की पुन्हा तशाच झुकतात, आणि हळूहळू तशाच राहतात. माळावरच्या गवतातून रोज माणसं गेली की पायवाट पडते, कुणी आखत नाही, तसंच हे. खालून दगड ढकलत असतो, वरून हात. हात कुठे ढिले पडले, कुठे आवळले, उडीच्या किती आधी मनगट खाली गेलं, हे सगळं द्रवात पायवाट होऊन बसतं. मग हात नुसते हलू लागले की फोर्क पुढचं ओळखून वाट देतो. चालवणाऱ्याच्या मनात विचार यायच्या आधी.

उत्तराचा फोर्क सहा वर्षं मुरलेला होता. त्यानंतरची जवळजवळ तीन वर्षं तो घरात, रीतीप्रमाणे उलटा, टांगलेला राहिला. मध्ये रेवा झाली होती.

आज तो पुन्हा सायकलला लागला होता आणि उत्तरा पायरीकड्याच्या माथ्यावर उभी होती. सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्हा वाहत आला, थिजला, पुन्हा त्यावर वाहत आला. त्या थरांच्या आता काळ्या, अवाढव्य पायऱ्या झाल्या होत्या. सगळ्यात खालच्या पायरीच्या पायथ्याशी तिचा नवरा सारंग आणि एक पिवळा ठिपका. तो ठिपका म्हणजे रेवाची टोपी.

"तिचा हात सोडू नकोस," उत्तरा हेल्मेटमधल्या फोनवर म्हणाली.

"सोडलेला नाही."

"खडा तोंडात घालेल."

"घातला होता, काढला. आता तू येतेस, की आम्ही जेवून घेऊ?"

रेवा झाल्यापासून उत्तरा प्रत्येक खोलीत शिरताना आधी टोकदार कोपरे मोजायची. झोपेतही तिचा एक कान उघडा असायचा. पूर्वी हा कडा उतरतानाचे काही क्षण डोक्यातली सगळी गुणगुण थांबायची, आणि त्या शांततेसाठीच ती परत आली होती.

पहिल्या दोन पायऱ्या फोर्कने तिला अलगद खाली आणलं. जणू मधली वर्षं गेलीच नव्हती. तिसऱ्या पायरीवर, मोठ्या उडीच्या काठावर, पुढचा भाग दबला आणि दबूनच राहिला. पुढे जायचं होतं, पण सायकल जागीच अडली. काठावर अर्धं मन म्हणजे पूर्ण अपघात. उत्तराने ब्रेक आवळून सायकल आडवी टाकली. कोपर सोलवटलं. चाक काठाबाहेर फिरत राहिलं.

"सील गेलंय," ती खाली आल्यावर म्हणाली. नळ्यांच्या तोंडाशी तेल अडवणारी रबरी कडी म्हणजे सील. फोर्क मऊ पडला की सगळे सायकलवाले पहिला आळ तिच्यावरच घेतात.

"तीन वर्षांपूर्वीही हेच म्हणाली होतीस," सारंग म्हणाला. "त्या मेकॅनिकने तुझं नाव ऐकलं की शटर ओढायला सुरुवात केली होती."

वळणद्रव बनवणाऱ्या डॉ. मंदाकिनी खांबेटे यांची प्रयोगशाळा घाटाखालच्या गावातच होती. त्यांनी फोर्क आडवा करून यंत्रात सरकवला.

"मी हा द्रव कृत्रिम गुडघ्यांसाठी केला होता," त्या म्हणाल्या. "पाय गेलेल्या माणसाला त्याची जुनी चाल परत मिळावी म्हणून. तुम्ही धडधाकट पायांची माणसं तो घेऊन कड्यावरून उड्या मारता."

"मॅडम, सील..."

"सील ठणठणीत आहे. बघ इकडे."

भिंतीवर द्रवचित्र उमटलं. द्रवातल्या साखळ्यांचा कल दाखवणारं ते चित्र बघायला उत्तरा पुढे सरकली. ओहोटीनंतर वाळूवर उमटतात तशा बारीक बारीक लहरी, एकीत एक, थरावर थर. इतकं नाजूक काही आपण दगडांवर आदळत होतो, हे तिला खरं वाटेना.

"हा सगळ्यात आतला थर, तुझा पहिला महिना. किती घाबरली होतीस. इथे डावीकडचा भार कमी झालाय."

"हात मोडला होता."

"आणि इथे कुणाशी तरी भांडून आली होतीस. दिवसभर दगडांवर राग काढलायस."

"माझ्याशीच," सारंग म्हणाला. "मुलं हवीत की नकोत यावरून."

रेवा त्याच्या खांद्यावर झोपली होती. डॉक्टरांनी सगळ्यात बाहेरच्या थरावर बोट ठेवलं. तिथल्या लहरी वेगळ्या होत्या, उथळ आणि गोलसर.

"इथून पुढे प्रत्येक उडी उतरताना हात आधीच मऊ पडलेत. पोटापर्यंत धक्का जाऊच नये अशा बेताने. हा थर जेमतेम महिनाभराचा. फोर्क टांगलास कधी?"

"रेवाचं कळलं त्या दिवशी. सात आठवडे झाले होते."

उत्तराला ते आठवडे आठवले. फोर्क मऊ पडलाय म्हणून ती चिडली होती, दोनदा सील बदलून घेतलं होतं, रोज सकाळी पंप लावून हवा वाढवली होती.

"मी हवा भरत होते," ती म्हणाली.

"तू भरत होतीस आणि तुझे हात ती फुकट घालवत होते. ते कुणाला तरी सांभाळत होते."

घरी सोनोग्राफीचा एक फोटो होता, राखाडी, त्यात वाटाण्याएवढी रेवा. हे चित्र त्याच्याही आधीचं. तेव्हा रेवा कुणाच्याच मनात नव्हती, डॉक्टरांच्या नाही, सारंगच्या नाही, खुद्द तिच्या आईच्याही नाही. आईच्या तळहातांना मात्र ती माहीत होती, आणि त्यांनी ते तेलाला सांगून ठेवलं होतं. उत्तराने भिंतीजवळ जाऊन त्या उथळ लहरींपाशी हात नेला. लावला नाही.

"म्हणून आज तो काठावर अडला," डॉक्टर म्हणाल्या. "फोर्कच्या लेखी रेवा अजून तुझ्या पोटात आहे. असाच चालवलास तर पुढच्या वेळी सायकल आडवी टाकायलाही वेळ मिळणार नाही."

"मग?"

"नवा घे. तो आताच्या तुझ्या हातांवर मुरेल, आणि हे हात सतत धास्तावलेले आहेत. नाहीतर चुंबकाने एवढा शेवटचा थर पुसून देते. आतली वर्षं तशीच राहतील. पण पुसलेलं परत येत नाही."

"आणि चित्र? ते तर राहील ना?"

"चित्रही ठेवत नाही मी. दुसऱ्याच्या बरणीत हात घालायचा नाही, ही तुमचीच रीत."

"पुसून घे की," सारंग उत्तराला म्हणाला. "ही काय, अख्खी रेवा आहे इथे. लाळ गाळतेय माझ्या शर्टवर."

"तुला नाही कळायचं."

"नाहीच कळत. मला एवढंच कळतं की तो काठ उंच आहे."

उत्तराने रेवाच्या झोपलेल्या, घामेजल्या कपाळाकडे पाहिलं. मग मान हलवली. यंत्र क्षणभर गुणगुणलं आणि चित्रातल्या शेवटच्या लहरी वाऱ्याने वाळू सारखी करावी तशा मिटल्या.

रविवारी ती पुन्हा माथ्यावर उभी होती. पिवळी टोपी जागेवर होती. उत्तराने ब्रेक सोडले.

पहिली पायरी. दुसरी. तिसऱ्या पायरीच्या काठावर फोर्क या खेपेला अडला नाही. तिने ढकलायच्या आधीच त्याने वाट दिली आणि चाकांखालचा दगड संपला. वाऱ्याचा आवाजही थांबल्यासारखा वाटला. दरी तिच्याभोवती सावकाश वळली. खालच्या पायऱ्या, त्यांवरचं पिवळं गवत, एक घार, जी या वेळी तिच्यापेक्षा खाली होती. डोक्यात कुठलाच कोपरा टोकदार नव्हता. मग दगड वर आला आणि फोर्कने तो असा पोटाशी घेतला, इतका हलका, की टायर टेकल्याचा नुसता सुस्कारा ऐकू आला. एवढी मऊ ती आयुष्यात कधी उतरली नव्हती.

खाली सारंग टाळ्या वाजवत होता. रेवाही वाजवत होती, कशासाठी ते तिला ठाऊक नव्हतं.

पुसल्यानंतरची तपासणी म्हणून ते थेट डॉक्टरांकडे गेले. सारंग रेवाला केळं भरवत बाहेरच्या पायरीवर बसला. भिंतीवर चित्र उमटलं. पुसलेल्या जागेवर आजच्या एका उताराचा पातळसा थर बसला होता. उथळ. गोलसर.

"नीट पुसलं गेलं नाही का, मॅडम?"

"पुसलेलं पुसलंय." डॉक्टर चित्राकडेच बघत होत्या. "हे आजचं आहे. त्याला जुनं काहीही ठाऊक नाही. तुझ्या हातांनी आज जे सांगितलं तेवढंच."

"पण रेवा तर खाली उभी होती."

"हो."

बाहेरून रेवाचं बोलणं ऐकू येत होतं. उत्तराने मनातल्या मनात तारखा आठवून पाहिल्या. पाळी अजून चुकलीसुद्धा नव्हती.

"म्हणजे त्या दिवशी काठावर मला अडवलं ते..."

"जुना थर आणि त्या दिवशीचे हात, दोघांनी मिळून अडवलं असणार. मी सगळा दोष जुन्यावर घातला. त्या दिवशीचा वेगळा थर शोधायला हवा होता, मी बघितलंच नाही." डॉक्टर खुर्चीत बसल्या. "मी चुकले, उत्तरा."

जे पुसलं ते रेवाचं होतं. थांब म्हणत होतं ते दुसरंच कुणीतरी. तिने पुन्हा सीलवर आळ घेतला होता, फक्त या वेळी सीलचं नाव वेगळं होतं.

"सारंगला..." उत्तरा म्हणाली आणि थांबली. या खोलीत आता ही गोष्ट एका परक्या बाईला ठाऊक होती आणि नळीभर तेलाला. ज्याच्यावरून भांडण झालं असतं, ज्याचा विचार व्हायला हवा होता, ते विचाराच्या पुष्कळ आधी कड्यावरून खाली आणलं गेलं होतं, जपून, जसं आणायला हवं तसं. मग ठरवायचं म्हणून जे काही तिच्यापाशी उरलं होतं, ते नेमकं काय होतं?

दार ढकलून रेवा आत आली. हात केळ्याने बरबटलेले. टेबलावरच्या फोर्कपाशी येऊन ती टाचा उंचावून उभी राहिली आणि घरी शिकवलं होतं तसं तिने विचारलं, "आई, हात लावू ना?"

उत्तर देण्याआधी उत्तराने स्वतःच्या हातांकडे पाहिलं. काय ठरलंय ते आधी त्यांनाच माहीत असणार होतं.