भाऊजींचा कन्सोल फार तापायचा

विश्वास ठेवायचा की नाही, ते तुम्ही ठरवा. मी घडलं तेवढंच सांगते. पदरचं काही घालत नाही.

मी मोबाईल आणि गेमचे कन्सोल दुरुस्त करते. अकरा वर्षं झाली. यंत्रांना मी घाबरत नाही.

म्हणजे... घाबरत नव्हते. गेल्या वर्षीच्या त्या मंगळवारपर्यंत.

लोक म्हणतात, असलं काही रात्रीच होतं. माझ्याबाबतीत भर दुपारी झालं. ताई भाऊजींचा कन्सोल चादरीत गुंडाळून दुकानात घेऊन आली. भाऊजींना जाऊन दोन महिने झाले होते. तापाचं निमित्त झालं, तो शेवटपर्यंत उतरलाच नाही. तशा तापातही गडी उशीला टेकून खेळत बसायचा.

"फार तापतो गं हा," ताई म्हणाली. "काहीतरी कर."

"रोज किती वेळ चालू असतो?"

ती चादरीची घडी घालू लागली.

"ताई, खेळतं कोण?"

"कोणीच नाही. प्लग कालच काढून ठेवलाय."

मी हात लावला.

गरम...

उन्हातून आणलाय म्हणून असेल, असं मी स्वतःलाच समजावलं आणि झाकण उघडलं. आत धुळीचा बोळा. चिपची उष्णता बाहेर काढणारी पेस्ट वाळून खडखडीत. ती खरवडून नवी लावली. झाकणाला गोल भोक पाडून मोठा फॅन बसवला, वर जाळी. मागे आणखी एक छोटा फॅन.

"आता भट्टीसुद्धा गार पडेल," मी म्हणाले. ताई हसली नाही.

एक गोष्ट मात्र तिला सांगितली नाही. यंत्राची उष्णता कोरडी असते. ही ओलसर होती. आजारी माणसाच्या कपाळावर हात ठेवावा, तशी.

आणि फॅन पहिल्यांदा फिरला तेव्हा... आतून एक लांब सुस्कारा आला.

दोन तास सगळ्यात जड गेम चालवून पाहिला. कन्सोल गार. ताई घेऊन गेली.

तीन दिवसांनी तिचा फोन.

"काय गं, तापतोय का परत?"

"नाही. बर्फासारखा आहे."

"मग?"

"पलंग तापतोय..."

"काय?"

"त्यांची बाजू."

दुकान बंद करून मी तशीच धावले. चार वाजले होते. खिडक्या उघड्या, खोलीभर ऊन. पलंगावर ताईच्या बाजूला हात ठेवला. गार.

दुसऱ्या बाजूला ठेवला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला.

उशी घामाने ओली होती. तिच्यात डोक्याएवढा खळगा.

मी बघत होते... आणि तो खळगा हळूच सरकला. कोणी कूस बदलावी तसा.

कशीबशी पिशवी उघडली, स्क्रूड्रायव्हर काढला. दोन्ही फॅन काढून टाकायचे, कन्सोल होता तसा करायचा, एवढंच डोक्यात.

ताईने माझं मनगट धरलं.

"राहू दे."

"वेड लागलंय का तुला?"

"आधी ते त्या डब्यात कोंडले होते," ती शांतपणे म्हणाली. "आता निदान पांघरूण तरी घालता येतं."

मी हातापाया पडले. माझ्याकडे राहायला चल म्हटलं. ती हलली नाही. पुन्हा त्या खोलीत पाऊल टाकायची माझी हिंमत झालेली नाही. लाज वाटते, पण खरं आहे. फोन मात्र रोज करते.

काल सकाळी बोलता बोलता ती मध्येच थांबली. फोन बाजूला ठेवल्याचा आवाज आला. मग तिचा लाडिक स्वर...

"आणते हं पाणी."

तिची पावलं स्वयंपाकघराकडे गेली. तिथे भांडं वाजलं. नळ सुटला.

आणि इकडे, फोनच्या अगदी जवळ... कोणीतरी धापा टाकत होतं.

"कोण?" असं विचारावंसं वाटलं. ओठांपर्यंत आलंही.

नाही विचारलं.

उत्तर आलं असतं तर?