राहीमावशीचा वारा

हे माझ्या स्वतःच्या घरात घडलंय. ऐकीव असतं, तर मी दोन भुतं जास्तीची घातली असती.

आणि रात्रही नव्हती. गेल्या मे महिन्यातली भर दुपार. पुणतांब्यात, आमच्या घराची पुढची खोली. वर पत्रा. बाहेर रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही.

मी जया. लग्नाचं शूटिंग करते, तुकडे जोडून फिल्म बनवायचं मिक्सिंगही घरीच. कुणी शिकवलं नाही. मोबाईलवर बघत, चुकत शिकले. माझ्या पहिल्या काही लग्नांत नवरदेवाला मुंडकंच नाही, पण ती भुताची करणी नव्हे, माझी.

एप्रिलमध्ये मोनिकाचं लग्न केलं. तिची आई राहीबाई, माझी राहीमावशी. नात्याची नाही, गावाची. बाई लग्नभर पदरानं वारा घालत होती. लेकीला, विहिणीला, वाढप्यांना. शेवटी माझ्या कॅमेऱ्यालाही.

"मावशी, त्याला कशाला?"

"तापलंय गं ते. सकाळधरनं त्यानं तरी कुठं बूड टेकलंय?"

त्यानंतर महिनाही झाला नाही. राहीमावशी गेली. बसल्या जागी.

दहावा झाला आणि रंगनाथतात्या, तिचे मालक, माझ्या दारात येऊन उभे राहिले.

"जया, त्या पिच्चरमधी ती हाय ना गं? मोनीला आई चालती-बोलती बघायचीय. घरात फोटो हाय, त्यो बी आधार कार्डावरचा."

"आहे ना तात्या. पोटभर आहे."

म्हटलं खरं. पण कॅमेऱ्याचं कार्ड नेहमीसारखं पुसून पुढच्या लग्नाला वापरलेलं. राहीमावशी होती ती फक्त माझ्या कॉम्प्युटरमध्ये. आणि माझा कॉम्प्युटर त्या उन्हाळ्यात टेकीला आला होता.

त्याची रॅम, म्हणजे आतली मेमरी, तापायची. जुन्या पट्ट्या स्वस्तात घेऊन चारही खाचांत कोंबलेल्या. बोट लावलं की चटका. फिल्म निम्मी तयार झाली की पडदा निळा, मशीन बंद. आणि दर खेपेला एखादी फाईल खराब. हळदीचा एक तुकडा असाच गेला. अजून चार-दोनदा बंद पडलं असतं, तर मोनिकाची आई थोडी-थोडी करून संपली असती.

भंगारातल्या मशीनचा छोटा पंखा काढला. पण तो रॅमच्या बरोबर वर बसवायचा कशावर? रबर लावलं, उन्हानं सैल पडलं. तार लावली, थरथरून पंखा खाली. प्लास्टिकच्या बांगड्या लावल्या, त्या वाकल्या.

पाहुण्यांची नावं विचारायला तात्यांकडे गेले, तेव्हा गोठ्याच्या कोपऱ्यात बांबूचा तुकडा दिसला. ताजा, हिरवट.

"तात्या, याच्या दोन कामट्या घेऊ?"

"घे की. कुणी ठिवलाय काय म्हाईत."

घरी येऊन कामट्या तासल्या. कॉम्प्युटरच्या उघड्या डब्यावर आडव्या टाकल्या, सुतळीनं पंखा बांधला. जुन्या निळ्या साडीच्या फडक्यानं सगळं पुसलं. मशीन सुरू केलं.

रॅम गार. इतकी गार, की मीच दोनदा हात लावून पाहिला.

फिल्म एका दमात तयार झाली. खूश होऊन बघायला बसले.

आणि...

राहीमावशी कुठेच नव्हती.

हळदीत नाही. मंगलाष्टकांत नाही. मोनिकाशेजारची खुर्ची रिकामी.

पण मोनिकाच्या कपाळावरचे केस उडत होते. विहिणीचा पदर हलत होता. मागच्या मांडवाची झालर मात्र एकदम स्थिर.

मूळ फाईली उघडल्या. त्यांतही नाही. मीच तर शूट केलेली बाई ती!

तेवढ्यात लाईट गेली. छताचा पंखा घरघरत थांबला. पडदा काळा. खोलीत चिडीचूप.

चिडीचूप... पण पूर्ण नाही.

फर्र... फर्र... फर्र...

डब्यातला छोटा पंखा फिरत होता.

त्याची वायर उपसून काढली. तरी फिरत होता.

फर्र... फर्र...

हाताला दुसरं काही लागलं नाही. पेन्सिल उचलली आणि पात्यांत घातली.

"स्स्स..."

भाजी चिरताना बाईच्या बोटाला विळी लागली की येतो ना, तसा आवाज. अगदी माझ्या कानाशी.

पंखा थांबला.

मी उंबऱ्याबाहेर पळाले. चप्पलसुद्धा घातली नाही. आमचे हे, सुनील, टेम्पो घेऊन आले तेव्हा मी अंगणात उन्हात उभी.

"काय गं, पापड वाळवायलीस का सोताला?"

मी बोट दाखवलं. हे आत गेले. कामट्या पाहिल्या आणि हसणं थांबलं.

"जये, हा बांबू कुठला?"

"तात्यांच्या गोठ्यातला."

"अगं, राहीमावशीच्या तिरडीचा हाय त्यो! मीच तोडलेला. तुकडा उरला, त्यो बी सरणावर टाकायचा असतोय. घरी ठिवत न्हाईत. गडबडीत ऱ्हायला वाटतं."



ह्यांनी कामट्या सोडवल्या, तात्यांकडचा उरलेला तुकडा घेतला आणि गोदावरीकाठी जाऊन सगळं जाळून आले. लाईट आली. भीत भीत मूळ फाईल उघडली.

राहीमावशी होती. जिथल्या तिथे. पदरानं वारा घालत.

पण फिल्म नव्यानं बनवायची, म्हणजे रॅम पुन्हा तापणार होती. मग मीच बसले, पदर घेऊन. फिल्म पुरी होईस्तोवर उघड्या डब्यावर वारा घालत. हात भरून आला, पाठ मोडली. एकदा पाणी प्यायला थांबले...

वारा थांबला नाही.

मी वळून पाहिलं नाही. गुपचूप पाणी प्यायले आणि पुन्हा पदर हलवायला लागले. फिल्म पूर्ण झाली.

तात्यांच्या घरी सगळ्यांनी मिळून बघितली. मोनिका टीव्हीला हात लावून रडत होती. "बघा, आई कॅमेऱ्यालाबी वारा घालतीया!"

तात्या मात्र पुढे सरकले. डोळे बारीक केले.

"जया... हिच्या बोटाला चिंधी कशाची? लग्नात तर काय लागलं नव्हतं तिला."

उजव्या हाताचं बोट. निळी चिंधी.

"असेल काहीतरी, तात्या," म्हटलं.

घरी येऊन ते निळं फडकं शोधलं. कॉम्प्युटरमागे पडलं होतं. एका कडेची बोटभर पट्टी फाडून नेलेली.

आता पंखा लोखंडी पट्टीवर बसवलाय, नटबोल्ट घालून. पक्का आहे. तरी दुपारी लाईट गेली की मी टेबलावरच्या पेन्सिली आधी खणात टाकते.

पुन्हा तिला लागायला नको.