दातांचं रडणं

“मॅडम, या यंत्राला स्वतःला कधी रडू येतं का?”

शलाकाने विचारलं आणि मागे ज्ञानदाने हसू दाबायला तोंडावर दप्तर धरलं. असा वेडा प्रश्न विचारायची पैजच लागली होती! पूर्वी शलाका वर्गात तोंड उघडायची नाही. डावा कान जन्मापासून बहिरा, मग आपण भलतंच ऐकलं असलं तर? पण यंदा वक्तृत्वाचा चषक पटकावल्यापासून बाईसाहेबांची गाडी सुसाट होती. शाळेची सहल मिरजेच्या शिशुध्वनी प्रयोगशाळेत आली आणि मैत्रिणींना तिच्यासाठी आयतंच सावज सापडलं.

डॉ. नर्गिस पटवेगार मनापासून हसल्या. टेबलावर नारळाएवढा पांढरा गोळा होता. रुदनवाचक. आता पाळणा तिथे तो असायचाच.

“नाही गं. रडणं म्हणजे काय हेच त्याला कळत नाही. आम्ही त्याला हजारो बाळांचं रडणं ऐकवलं, आणि प्रत्येक वेळी त्या बाळाची आई काय म्हणाली तेही. भूक लागलीय, पोट दुखतंय, झोप आलीय. नवं बाळ रडलं की ते सगळ्यांत जवळचं जुनं रडणं शोधतं आणि त्या आईचं उत्तर या आईला सांगतं.”

“आणि त्या आईचंच चुकलं असलं तर?”

हा प्रश्न पैजेतला नव्हता. ज्ञानदाने दप्तर खाली घेतलं.

“माझ्या भावाला, चिकूला, ताप होता,” शलाका म्हणाली. आवाज चषक जिंकतानाचा राहिला नव्हता. “यंत्र सारखं म्हणत होतं, दात येत आहेत. दवाखान्यात नेलं तेव्हा कळलं, कान पिकून पू मेंदूपर्यंत गेला होता. दोन वर्षं झाली त्याला जाऊन.”

डॉक्टर बाई खुर्चीत बसल्या. बाकीच्या मुलींना त्यांनी पुढच्या दालनात पाठवलं.

“दातांमुळे एवढा ताप चढत नाही, बेटा. पण घरोघर तसंच म्हणतात, आणि आम्ही घरोघरचंच यंत्राला शिकवलं. चिकूचं पूर्ण नाव सांग. त्याचं रडणं कुणाच्या रडण्याशी जुळलं होतं, ते शोधू.”

गोळ्यातून रडणं सुरू झालं. शलाकाने उजवा कान पुढे केला. दूध ओढता ओढता मध्येच थांबून फोडलेली किंकाळी, मग तुटलेला हुंदका.

“चिकूच आहे हा!”

“नाही. हे खूप जुनं आहे, आम्ही घरोघर फिरून नमुने जमवले तेव्हाचं. मुलगी आहे.”

रडण्यामागून एका बाईचा आवाज आला, तरुण, जागरणाने थकलेला. “उगी गं माझी ढबू, उगी... काही नाही हो वन्सं, दात येतायत.”

ढबू. या नावाने जगात एकच आई एकाच मुलीला हाक मारायची.

“मी आहे ही,” शलाका पुटपुटली.

“एकाच आईची लेकरं,” डॉक्टर हळूच म्हणाल्या. “गळ्याचं घराणं एकच. चिकूच्या रडण्याला सगळ्यांत जवळचं तुझंच सापडणार.” मग त्यांचं लक्ष तिच्या पुढे केलेल्या उजव्या कानाकडे गेलं. “डाव्याने ऐकू येत नाही का तुला?”

“जन्मापासून.”

डॉक्टरांनी बारीक दिव्याची नळी डाव्या कानात धरली.

“जन्मापासून नाही गं. पडद्यावर जुना व्रण आहे. तान्हेपणी कान फुटलाय तुझा.”

म्हणजे तेव्हाही दात नव्हतेच. तेव्हा एक कान गेला, एवढ्यावर भागलं होतं.

“हा नमुना मी आजच बंद करते,” डॉक्टर म्हणाल्या. “पण मग असं रडणं ऐकून यंत्राला जवळचं काही सापडणार नाही, ते नुसतं गप्प बसेल. त्याला ‘कान’ म्हणायला शिकवायचं तर तुझ्या आईबाबांची संमती लागेल. आणि त्यांना हे ऐकवावं लागेल.”

परतताना बसमध्ये ज्ञानदा तिच्या उजव्या बाजूला येऊन बसली. “पैज जिंकलीस गं. भेळ माझ्याकडून.”

“नको,” शलाका म्हणाली.

दोन वर्षं आई एकच वाक्य म्हणत होती, ‘त्या डबड्यानं माझं लेकरू नेलं.’ त्या वाक्याला धरूनच ती पुन्हा उठून उभी राहिली होती. ते काढून घेतलं तर? गप्प बसावं का? पण मग कुठल्यातरी घरी एखादं बाळ असंच दूध सोडून किंचाळेल, आणि तिथली आईसुद्धा म्हणेल, दातच येतायत.

घरी आई वाटाणे सोलत होती, बाबा दाणे निवडून पातेल्यात टाकत होते. चपलाही न काढता शलाका दोघांसमोर उभी राहिली.

“आई, बाबा, मी ठरवलंय. माझं लहानपणचं रडणं प्रयोगशाळेला द्यायचं, नीट नाव लावून. दात नाही, कान. तुम्हाला सही करावी लागेल, पण आधी ते ऐकावं लागेल. त्यात तुझा आवाज आहे, आई.”

आईच्या हातातली शेंग तशीच राहिली.

“ऐकताना तू माझ्या उजव्या बाजूला बस,” शलाका म्हणाली. “म्हणजे तू रडलीस तर मला ऐकू येईल.”