गर्भिणीची चाचणी

गाडी काँक्रीटच्या भिंतीवर आदळली. चाचणीगृहातली धूळ बसली तेव्हा चालकाच्या आसनावर ‘गर्भिणी’ पट्ट्यात अडकून बसलेली दिसली. सात महिन्यांच्या गरोदर बाईच्या मापाची ती आघातपुतळी होती. तिच्या पोटात संवेदकांनी विणलेलं कृत्रिम गर्भाशय होतं.

ती घडवणाऱ्या डॉ. नीलाक्षी बोरवणकरनं शेजारी बसलेल्या वहिनीकडे, हेमांगीकडे, पाहिलं. आजची धडक हेमांगीचीच होती. दोन वर्षांपूर्वीच्या तिच्या अपघाताचा वेग, कोन, पट्ट्याचा ताण, सगळं तिच्या गाडीच्या आघातनोंदकातून घेतलं होतं. त्या दिवशी हेमांगीला खरचटलंही नव्हतं. बाळ मात्र गेलं. पट्टा आवळल्यामुळे गेलं, असं नीलाक्षीची आई अजून बोलून दाखवायची.

“सकाळी हीच चाचणी पट्ट्याशिवाय घेतली,” नीलाक्षी म्हणाली. “पोट थेट स्टिअरिंगवर आदळलं. वहिनी, पट्ट्यानं उलट वाचवलंय.”

“मग बाळ कशानं गेलं?”

उत्तर पलीकडे बसलेल्या प्रसूतितज्ज्ञ डॉ. रझिया मुजावर यांनी दिलं. “गर्भाशय ताणलं जातं, बाळाला पोसणारी वार तशी ताणली जात नाही. धक्क्यानं ती कडेनं सुटते. आत रक्त साचतं, प्राणवायू कमी पडून बाळ धडपडतं, पण आईला लगेच काही दुखेलच असं नाही.”

पडद्यावर गर्भाशयाची आकृती उमटली. कडेला, वार सुटली तिथं, एक लाल ठिपका होता. नीलाक्षीनं पुढच्या काही तासांचं गणित चालवलं. ठिपका अगदी सावकाश पसरत गेला. दोघी डॉक्टरांनी एकमेकींकडे पाहिलं.

“काय ते सांगा,” हेमांगी म्हणाली.

“बाळ धडकेत गेलं नाही,” रझिया हळू आवाजात म्हणाल्या. “त्यानंतर कित्येक तास जिवंत होतं. तुमची नाडी, रक्तदाब ठीक म्हणून रुग्णालयातून घरी सोडलं. बाळाच्या ठोक्यांवर लक्ष ठेवायला हवं होतं.”

“ठेवलं असतं तर?”

“लगेच सिझेरियन करता आलं असतं. बहुतेक वाचलं असतं.”

वहिनीच्या मनावरचं ओझं उतरावं म्हणून नीलाक्षीनं तिला इथं आणलं होतं. तिनं पडदा बंद करायला हात पुढे केला. हेमांगीनं तो धरला.

“त्या संध्याकाळी तो हलला होता,” ती म्हणाली. “नंतर सगळे म्हणाले, भास झाला असेल, बाळ तर धडकेतच गेलं. मीही तेच मानलं.”

ती लाल डागाकडे बघत राहिली.

“खूप हलत होता गं. मी तुझ्या दादाला म्हटलं, बघा, कसा मजेत आहे.”