लिओचा नंबर

विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाहीतर सोडून द्या. मला कुणाला पटवायचं नाही. पण यातला शब्दन् शब्द खरा आहे आणि हे माझ्यासोबतच घडलं आहे.

तारीख १० फेब्रुवारी १९९५. शुक्रवार, दुपारचे तीन.

रात्र नव्हती, अमावस्या नव्हती. बाहेर लख्ख ऊन आणि गुडघाभर बर्फ. न्यूयॉर्क राज्याच्या उत्तरेला एका विद्यापीठात मी नेटवर्कचं काम करायचो. विद्यापीठाचं नाव सांगणार नाही.

आधी लिओबद्दल सांगतो, म्हणजे माझा राग कळेल.

लिओ स्ट्राका माझा सिनियर. वय अठ्ठावन्न. मला या कामातलं जे काही येतं ते त्यानेच शिकवलेलं. आमच्या इमारतींखाली त्या गरम ठेवणाऱ्या वाफेच्या पाइपांचा एक बोगदा होता आणि नवी केबल टाकायची तर तिथे उतरावं लागायचं. आदल्या वर्षी जानेवारीत आमच्या साहेबाला, ड्वेन प्रॅटला, घाई झाली. कॉम्प्युटरवरून एकमेकांची तोंडं बघायचा नवा प्रोग्राम आला होता. तो त्याला बड्या पाहुण्यांना दाखवायचा होता.

"सोमवारी टाकतो केबल," लिओ म्हणाला. "छातीत जरा धरल्यासारखं होतंय."

"सोमवारी पाहुणे काय तुझी केबल बघायला परत येणार आहेत?" प्रॅट म्हणाला. "उतर खाली."

लिओ उतरला.

तीन तासांनी आम्ही त्याला बाहेर काढलं. वाफेच्या पाइपाशेजारी पडूनही तो गार झाला होता.

त्या दिवसापासून प्रॅट दिसला की माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. दर रविवारी मी लिओच्या बायकोकडे, इर्माकडे, जेवायला जायचो. ती कोबीच्या पानात गुंडाळलेला खिमा वाढायची आणि मी प्रॅटला शिव्या घालायचो. ती मला एकच गोष्ट विचारायची. "त्याने कुणाला हाकसुद्धा मारली नाही का रे?"

"नाही," मी म्हणायचो. "वेळच मिळाला नसेल."

आता त्या शुक्रवारबद्दल.

पुन्हा तोच प्रोग्राम. नवा कॉम्प्युटर, त्यावर काळंपांढरं चित्र दाखवणारा टेनिसच्या चेंडूएवढा कॅमेरा. दुसऱ्या टोकाला दूर नेब्रास्का राज्यातली एक शाळा. सकाळपासून कनेक्शन लागत नव्हतं, कारण मशीनला द्यायला नंबरच शिल्लक नव्हता. नेटवर्कवर प्रत्येक मशीनला आपला वेगळा नंबर लागतो, घरच्या फोनला असतो तसा. तेव्हा हे नंबर आम्ही हाताने द्यायचो आणि वहीत लिहून ठेवायचो.

"लिओच्या मशीनचा नंबर टाक," प्रॅट मागून म्हणाला. "तो काही परत मागायला येणार नाही."

"तोंड सांभाळ, ड्वेन."

"मुलं ताटकळलीत तिकडे, व्हर्न. टाक म्हणतो ना!"

त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. पण मी नंबर टाकला.

कनेक्शन एका झटक्यात लागलं.

स्क्रीनवर दोन खिडक्या उघडल्या. एकीत मी, दुसरीत नेब्रास्काचा वर्ग. आमच्याकडून आवाज जायचाही नाही आणि यायचाही नाही. म्हणून लोक जाड मार्करने कागदावर लिहायचे आणि तो कॅमेऱ्यासमोर धरायचे. मुलांनी कागद धरला, "तिकडे बर्फ आहे का?" मी लिहिलं, "गळ्यापर्यंत." मुलं हसली.

आणि मग... तिसरी खिडकी उघडली.

पूर्ण काळी.

तिच्याखाली नंबर होता. आमचाच. लिओचा.

एका नंबरावर दोन मशीन चालूच शकत नाहीत. लगेच स्क्रीनवर इशारा येतो. पण इशारा आला नाही.

"कोण आहे हा आचरट?" मी ओरडलो. कुणीतरी विद्यार्थी चेष्टा करतोय असं वाटलं आणि माझं डोकंच फिरलं.

त्या प्रोग्राममध्ये चित्र लहान चौकोनांचं बनायचं आणि ज्या चौकोनात काही हलायचं तेवढाच नव्याने यायचा. काळ्या खिडकीत एक चौकोन उजळला... मग दुसरा... मग चार.

एक पाइप. पाइपाला गुंडाळलेलं फडकं.

एक हातमोजा... बोटं कापलेला.

लिओ तसेच घालायचा. तारा नीट हाताळता याव्यात म्हणून.

चेहरा दिसला नाही. चेहऱ्याच्या जागचे चौकोन हललेच नाहीत.

मग त्या हाताने एक कागद वर धरला.

मी वाचला. माझ्या खुर्चीमागून प्रॅटनेही वाचला. मग दार आपटलं... तो गेला होता. त्याने काय वाचलं ते त्याने कधी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. सोमवारी त्याने राजीनामा दिला.

मी जे वाचलं ते असं होतं, "व्हर्न, रेडिओवर ये."

आता एक गोष्ट सांगायलाच हवी. वर्षभर मी ती कुणालाही सांगितली नव्हती.

खाली उतरताना लिओकडे एक रेडिओ होता, वॉकीटॉकी. दुसरा माझ्या टेबलावर. तो बोलला होता... दोनदा. "व्हर्न, जरा खाली येतोस? मला बरं वाटत नाहीये." माझं कनेक्शन तेव्हा चौथ्यांदा तुटलं होतं. मी वैतागलो होतो. "दहा मिनिटं, लिओ!" म्हणालो आणि रेडिओचा आवाज बारीक केला.

मग विसरलो. साफ विसरलो.

आता तो कागद समोर होता. आणि खरं सांगतो, मला वाईट नाही वाटलं. मला राग आला. लिओचाच राग आला. मला का? तुला खाली पाठवणारा माझ्यामागे उभा होता की!

मी नेटवर्कची केबल खसकन उपटली.

नेब्रास्काची खिडकी गोठली. मुलांचे हात हवेतच राहिले.

केबल माझ्या मुठीत होती...

आणि तिसऱ्या खिडकीत तो हात हळूहळू खाली आला. त्याने कागदाची घडी घातली. बाजूला ठेवली.

मग पुन्हा सगळं काळं.

रविवारपर्यंत मला थांबवलं नाही. संध्याकाळीच इर्माकडे गेलो. अंगातला कोटही न काढता सगळं सांगून टाकलं. रेडिओ, दहा मिनिटं, खिडकी, कागद.

ती शेगडीपाशी उभी होती.

"वर्षभर," ती म्हणाली. "वर्षभर माझ्या टेबलावर बसून दुसऱ्याला शिव्या दिल्यास. आणि मी मूर्खासारखी तुला वाढत राहिले."

"इर्मा, ऐका..."

"तू गप्प बस! विचारत होते ना मी तुला? दर रविवारी विचारत होते!"

मग तिचा आवाज एकदम उतरला.

"त्याने कागद धरला. मग तू काय लिहिलंस?"

मार्कर माझ्या हाताशी होता. कोरे कागदही होते.

"मी... केबल उपटली."

"म्हणजे परत तेच केलंस," इर्मा म्हणाली.

तिने दार उघडलं आणि मी बाहेर पडेपर्यंत ते धरून उभी राहिली. त्यानंतर ती आठ वर्षं जगली. माझ्याशी एक शब्द बोलली नाही.

आज तीस वर्षं झाली. प्रॅटचा राग मला अजून येतो, खोटं कशाला बोलू? पण हल्ली तो फार वेळ टिकत नाही. नातवंडं व्हिडिओवर बोलायला लागली की माझं लक्ष त्यांच्याकडे नसतं. "आजोबा, कुठे बघताय?" असं ती विचारतात. मी स्क्रीनच्या कडेला बघत असतो... आणखी एक खिडकी उघडतेय का ते.

उघडली तर काय लिहायचं, ते मला अजून सुचलेलं नाही.