लिकफोर्कचं वरचं घर

लिकफोर्क खोऱ्यात इंटरनेट पोचलंय, असं सरकारचं म्हणणं होतं. खोऱ्यातले लोक म्हणत, पोचलं असेल बुवा, पण आमच्या दारावरून गेलेलं काही दिसलं नाही.

ट्रेला स्टिडमचा दोन्ही बाजूंवर विश्वास नव्हता. तिचा स्वभावच तसा. विमा कंपनीसाठी जळालेल्या घरांची आणि कोठारांची चौकशी करण्यात तिची उभी हयात गेली होती. घर जळालं की बाकीचे हळहळत. ट्रेला विचारी, आगीच्या आदल्या आठवड्यात भिंतीवरचे फोटो कोणी उतरवले? निवृत्त झाल्यावर काउंटीने, म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या कचेरीने, तिला नवं काम दिलं. दारोदार हिंडायचं, नेटचा वेग मोजायचा आणि सरकारी नकाशा कुठे खोटा आहे ते दाखवून द्यायचं. केंटकीच्या त्या डोंगरांत तिच्या जोगतं दुसरं काम शोधूनही सापडलं नसतं.

नकाशावर हिरवा म्हणजे सोय असलेला भाग, लाल म्हणजे नसलेला. तारा टाकायचं अनुदान फक्त लालला. आणि नियम असा, की एका पट्ट्यातल्या एका घरी जरी नेट असलं तरी अख्खा पट्टा हिरवा. लिकफोर्क हिरवं होतं ते एका घरापायी. खोऱ्याच्या टोकाला, जिथे रस्ता संपतो, तिथे टेलिफोन कंपनीने आपलं एक गिऱ्हाईक दाखवलं होतं.

तिथे घर नव्हतंच. तिथे स्टिडमांचं कबरस्तान होतं, आणि कडेला लांबलचक पत्र्याचं छप्पर. दर मे महिन्यात कबरी साफ करून, फुलं ठेवून झाली की सगळं गोत त्या छपराखाली जेवायला बसे. विमानातून फोटो घेणाऱ्याला ते घर वाटलं असणार.

एरवी ट्रेला यावर पोटभर हसली असती. पण तिच्या म्हाताऱ्या वडिलांच्या, आर्विलच्या छातीत ठोके सांभाळणारं यंत्र होतं. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं: घरी नेट असेल तर उशाशी एक पेटी ठेवू, ती ठोके इस्पितळाला कळवत राहील. नसेल तर त्यांना शहरातल्या वृद्धाश्रमात हलवा. आर्विल म्हणाला होता, "तिथं मी पानगळसुद्धा बघायचो नाही, पोरी." आणि ट्रेलाला ठाऊक होतं की तो खरं बोलतोय.

"बाबा, वर छपराखाली कोणी राहतं का?" तिने एक दिवस जेवताना विचारलं.

आर्विल घेवड्याच्या रश्शात मक्याची भाकरी कुस्करत होता. "राहतात की. तुझी आई राहते. बर्डी आत्या राहते, तिचा तो दारुडा नवरा राहतो. भाड्याचं नाव कोणी काढत नाही."

"चेष्टा पुरे. कंपनी म्हणते तिथं नेट आहे."

"मग असेल. तुझ्या आईला गप्पांशिवाय कधी करमलंय?"

तो हसला, पण ताटावरची नजर काही त्याने उचलली नाही. ट्रेलाने ते टिपलं आणि सोडून दिलं. तिचा संशय कंपनीवर होता.

कंपनीचा माणूस वेंडेल. बूट कोरे करकरीत, बोलणं त्याहून चकचकीत. ट्रेला त्याला घेऊन सकाळीच वर गेली. रात्री पाऊस होऊन गेला होता. ओल्या पाल्याचा वास होता आणि डॉगवुडची पांढरी फुलं नुकती उमलली होती. वर पोचेपर्यंत पाखरांची किलबिल कधी थांबली ते दोघांच्याही लक्षात आलं नाही.

खांब नव्हता, तार नव्हती. ट्रेलाने छपराच्या तुळया चाचपल्या, टेबलांखाली वाकून पाहिलं, कोपऱ्यातला पाचोळा पायाने उकरला. असली लबाडी कुठे दडवतात हे तिला पाठ होतं. काही सापडलं नाही. आधारासाठी तिने बाकावर हात टेकला. ऊन अजून तिथवर आलं नव्हतं, पण लाकूड ऊबदार होतं, कोणी आत्ताच उठून गेल्यासारखं.

मग तिने फोन काढला. नेट होतं.

छपराबाहेर एक पाऊल टाकलं की काही नाही. आत आलं की भरपूर. वेग मोजला तर काउंटीच्या कचेरीत मिळतो त्याच्या कितीतरी पट निघाला.

"काय वेंडेल, कुठं लपवलंत?" ती म्हणाली. "सांगा, मी वाईट वाटून घेणार नाही."

वेंडेलने आपलं मोजणीयंत्र सुरू केलं होतं. त्याच्या तोंडचं पाणी पळालं. "मॅडम, यावर गर्दी आहे. आत्ता, या क्षणाला लोक हे वापरताहेत."

"कोण लोक?"

"मला काय माहीत! खरं सांगतो, कोणाला बोलू नका. आम्ही इथं कधी काही बसवलंच नाही. दुसरी कंपनी या खोऱ्यात शिरू नये म्हणून साहेबांनी नुसतं लिहून टाकलं. घर आहे, नेट आहे, सगळी थाप होती."

"थापेला एवढा वेग?"

वेंडेल गाडीकडे गेला तो पाठमोरा नव्हे. छपराकडे तोंड ठेवून, उलट्या पावलांनी.

ट्रेलाला भीती वाटली, हे कबूल करायला हवं. पण भीतीपेक्षा राग मोठा होता. खरं लिहून कळवलं तर खोरं हिरवं राहणार आणि बाबांना गाठोडं बांधावं लागणार. कुठल्या तरी बदमाशाची युक्ती असेल नाही तर आणखी काही. तिला नकाशावरून एक घर पुसायचं होतं. छपरामुळे घर, तर छप्परच नको. तिने मोजलेला वेग कोणालाच कळवला नाही, आणि चुलतभाऊ होबर्टला पत्रे उतरवायला बोलावलं.

पत्रे उतरताना आर्विल गाडीत बसून होता, टोपी मांडीवर.

"उघड्यावर आणलंस सगळ्यांना," तो म्हणाला.

"मेलेल्यांना पाऊस लागत नाही, बाबा. छप्पर जेवणाऱ्यांसाठी होतं."

"जेवायला आपणच तेवढे बसत होतो, असं वाटतं तुला?"

होबर्ट शिडीवर थबकला. "काका, असलं काही बोलू नका हो. मला अजून उतरायचंय."

ट्रेलाने बापाला झापलं. मागाहून तिला त्याचं वाईट वाटलं, पण छप्पर मात्र गेलं.

सरकारचा माणूस आला, मोकळी जमीन पाहून गेला. लिकफोर्क लाल झालं, अनुदान मंजूर झालं. पानगळीच्या आधी आर्विलच्या घरात तार आली आणि उशाशी पेटी बसली. तिचा बारीक हिरवा दिवा पाहून ट्रेला स्वयंपाकघरात जाऊन रडली. बाप आपल्या घरात राहणार होता. याहून जास्त तिने काही मागितलं नव्हतं.

आर्विल तर खुलला. भाकरीचा मोठा तवा चढवू लागला. विचारलं तर म्हणे, भूक वाढलीय. अंग मात्र वाळत चाललं होतं. ओसरीत त्याने दुसरी झुलती खुर्ची आपल्या खुर्चीला खेटून आणून ठेवली होती. कधी ट्रेला आली की आतून बोलण्याचा आवाज येई, आणि तिचं पाऊल पायरीवर पडलं की थांबे. रेडिओ असेल, असं ती स्वतःला सांगे. त्या घरात रेडिओ नव्हता.

एका दुपारी ट्रेला बापाच्या स्वयंपाकघरात असताना भिंतीवरचा जुना फोन वाजला. इस्पितळातली नर्स होती.

"तुमच्या वडिलांची पेटी छान चालू आहे," ती म्हणाली. "एवढंच विचारायचं होतं, त्यांच्या शेजारी दुसरं कोणी झोपतं का? पेटीवर दोघांचे ठोके येताहेत."

"नाही. आई जाऊन बरीच वर्षं झाली."

"हो का? मग यंत्रच गोंधळलं असेल. कारण हे दुसरे सुरुवातीला फार मंद होते, मुळी नसल्यासारखेच. आता चांगले सुधारलेत."

"आणि बाबांचे?"

"जेवढे हे वाढतात, तेवढेच त्यांचे रोज कमी होताहेत. तुम्ही त्यांना इथं घेऊन आलात तर बरं."

खिडकीतून ओसरी दिसत होती. आर्विल बसल्या बसल्या कोणाला तरी काही सांगत होता. दुसरी खुर्ची हळूहळू झुलत होती. झाडाचं पान हलत नव्हतं.

फोनची तार लांब होती. ट्रेला तो कानाला लावूनच बापाच्या खोलीत गेली.

पेटीची तार तिने भिंतीतून ओढून काढली.

हिरवा दिवा विझला नाही.

तिने पेटी उचलून उलटी केली. मागे आता काहीच जोडलेलं नव्हतं. ओसरीवरचं बोलणं थांबलं होतं. खुर्चीचा आवाजही थांबला. तिची छाती अशी धडधडू लागली की तिला स्वतःचा श्वास ऐकू येईना.

"बंद झालं का?" तिने फोनमध्ये विचारलं. "ठोके यायचे थांबले का?"

"नाही हो, येताहेत की," नर्स म्हणाली. "उलट आता तिसरे यायला लागलेत. हे तर फारच जलद आहेत. कोणी घाबरलंय का तिथं?"